टाकलेल्या मुलाखती

चार आणि सहा मिळून एक होतात.

काकतीतला एक म्हातारा. घरात चहा कुठला, असं मराठीत विचारलं तेव्हा त्यानं एक नाव सांगितलं. आठवड्यानं दुसऱ्या कुणी जाऊन कन्नडमध्ये विचारलं, तर वेगळंच. खोटं का सांगितलंत म्हटल्यावर म्हणाला, "खोटं कशाला सांगू वो? तुमी जसं विचारलासा तसं सांगितलं."

तंबाखूच्या वखारीतून सुटलेल्या बाईनं केस धुतले की पहिलं पाणी पिवळं येतं. दुसरंही. तिसरंही.

"आधी तुमचं आडनाव सांगा. मग आमचा साबण सांगतो."

मुंबईत एका हॉटेलात दोन कंपन्यांच्या मालकांनी एकमेकांना हार घातले. फोटोत दोघांचेही डोळे मिटलेले आहेत.

हुबळीच्या ऑफिसनं त्या वर्षी एकही मुलाखत टाकली नाही.

*

बेळगावात खडेबाजारात, चष्म्याच्या एका दुकानावर, पारख रिसर्च ब्युरोच्या दोन खोल्या होत्या. डोळे तपासायला आलेली माणसं अधूनमधून चुकून जिना चढून वर यायची. शाखाप्रमुख श्रीपादराव त्यांना खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, आणि दात कशानं घासता ते विचारून घ्यायचे.

पारखचं काम विचारण्याचं होतं. कुठला साबण, कुठला चहा, कुठली विडी, का, आणि आधी कुठली. साबण करणारे मुंबईत बसून साबण करत. तो कोण घेतं, आणि एकदा घेतल्यावर पुन्हा का घेत नाही, हे पारखनं घरोघर जाऊन त्यांना कळवायचं. घरोघर जाणारे पाच-सहा जण होते, त्यात सगळ्यात जुना रवळू. त्यांच्यावर एक सुपरवायझर. अंजना. निपाणीची. लागली १९७९ साली.

अंजनाचं काम पुन्हा विचारण्याचं. रवळू काल ज्या घरी जाऊन आला, तिथं ती आज जायची. तेच प्रश्न, जरा वेगळ्या वळणानं. उत्तरं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, किंवा जुळूनही मन खात राहिलं, तर त्या मुलाखतीवर तांबडी रेघ. टाकली.

ही रीत पारखच्या मालकांची, हरिभाऊंची. हरिभाऊ मूळचे बेळगावातल्याच शहापूरचे, तरुणपणी मुंबईला गेले, कंपनी काढली, म्हणून बेळगावला शाखा. "ज्या ऑफिसात एकही मुलाखत टाकली जात नाही," ते म्हणत, "तिथं कुणीतरी झाडाखाली बसून कागद भरतंय." दरवर्षी ते आपल्या सगळ्या ऑफिसांची क्रमवारी लावत. जास्त टाकणारं वर. बेळगाव कायम पहिलं.

आणि ते येणारच होतं. या भागात दारात कुणी कागद घेऊन उभं राहिलं की माणूस आधी त्याची भाषा ऐकतो, मग चपला बघतो, मग ठरवतो की हा कुणाकडचा. सीमालढ्याच्या समितीचा, सरकारचा, का शिरगणतीचा. उत्तर त्यानंतर. निपाणीत तर, घरात विडी कुठली म्हटलं की बायका ज्या मालकाच्या वखारीत कामाला असत त्याच्याच विडीचं नाव घेत. घरात ओढणारं कुणी नसलं तरी घेत. न जाणो, मालकानंच माणूस पाठवला असेल.

अशा सगळ्या मुलाखती अंजना टाकायची. तिला त्या ओळखू यायच्या, कारण तिच्या आईनंही तसंच सांगितलं असतं.

*

आई, तानीबाई. वखारीत तंबाखू चाळायची. चाळणीतून पान खाली, काडी वर, आणि धुळीचा खकाणा चाळणाऱ्या बाईच्या आत. अंजना नोकरीला लागली त्याच वर्षी बेळगावच्या डॉक्टरांनी तानीबाईची पाठ ठोकून, कान लावून ऐकलं आणि अंजनाला बाहेर बोलावून सांगितलं, "पुन्हा त्या धुळीत गेल्या तर माझ्याकडे आणू नका. मला काही करता येणार नाही."

मायलेकींनी शहापुरात खोली घेतली. "आता त्या दारात पाय टाकायचा न्हाय," अंजना आईला म्हणाली. नोकरी म्हणजे तिच्या लेखी एवढंच होतं. बाकी सुपरवायझर वगैरे लोक म्हणत.

तानीबाईला लेकीची नोकरी शेवटपर्यंत नीट कळली नाही.

"म्हंजे तू लोकांच्या घरात जाणार, चहा कुठला पिता इचारणार, आन त्याचा पगार?"

"व्हय."

"चहा पाजत्यात का तरी?"

"कोण पाजतंय, कोण न्हाय."

"मग जे पाजत न्हाईत त्यांचं खोटं धर. घरात असला चहा तर पाजला असता."

अंजना हसली. पण त्या आठवड्यात तिनं टिळकवाडीतली एक मुलाखत नेमक्या त्याच कारणानं टाकली.

*

क्रमांक चार.

दर एप्रिलला मुंबईतलं धंद्याचं एक इंग्रजी मासिक अशा कंपन्यांची क्रमवारी छापत असे. पारख चौथी. कधी पाचवी, पुन्हा चौथी. सागरिका सर्व्हे सर्व्हिस नावाची दुसरी एक कंपनी सहावी. १९८५ च्या दिवाळीआधी श्रीपादराव ऑफिसात आले ते हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा घेऊन, आणि दार लावून त्यांनी पुडा टेबलावर रिकामा केला.

"पारख आणि सागरिका एक झाल्या," ते म्हणाले. "आपण देशात पहिले."

"चार आन सा धा हुत्यात की वो सर," रवळू म्हणाला. "धावा नंबर यायला पायजे."

"तसं नसतं रे." श्रीपादरावांनी शेंगांचे ढीग केले. एक मोठा. एक त्याहून थोडा लहान. आणखी एक. मग चौथा, पाचवा, सहावा. "हा पहिला. हा आपला, चौथा. हा सागरिका." चौथा आणि सहावा ढीग त्यांनी दोन्ही हातांनी एकत्र ओढला. "आता सांग मोठा कोण?"

रवळू बघत राहिला. "आन पयल्याचं काय झालं?"

"तो दुसरा झाला."

"का? त्यानं काय केलं?"

"त्यानं काही नाही केलं."

"काय न करताच खाली?" रवळूनं त्या ढिगातली एक शेंग उचलून फोडली. "बिचारा."

अंजनानं विचारलं, "सर, नाव?"

"पारख सागरिका. आपलं नाव आधी आहे, अंजनाबाई. हरिभाऊंनी तेवढं केलंय."

क्रमांक एक. त्या दिवशी तिघांनी मिळून शेंगा संपवल्या. पहिल्या, दुसऱ्या, सगळ्या ढिगांतल्या. अंजनानं घरी जाताना आईसाठी खव्याचा पेढा नेला. तानीबाईनं अर्धा खाल्ला, अर्धा शेजारणीला दिला आणि सांगितलं, माझी लेक आता देशात पयल्या कंपनीत हाय.

*

मग मुंबईहून परिपत्रक आलं. दोन्ही कंपन्यांची ऑफिसं आता एका यादीत. येत्या चहाच्या पाहणीवरून त्यांची क्रमवारी लागेल. शेवटची चार बंद. त्यांचा मुलूख शेजारच्या ऑफिसकडे. बेळगावचं शेजारी म्हणजे हुबळी. हुबळी सागरिकाचं.

"आपल्याला काय?" श्रीपादराव म्हणाले. "आपण पहिले."

"ते आपल्या यादीत, सर," अंजना म्हणाली.

"यादी लांबली म्हणून पहिला नंबर कुठं जातो का?"

"सागरिकाची ऑफिसं मोठी आहेत. माणसं जास्त. ती आपल्यापेक्षा जास्त टाकत असणार."

हा विचार श्रीपादरावांच्या मनात आला नव्हता. "मग आपणही जास्त टाकू," ते म्हणाले.

सागरिकात ऑफिसाचा नंबर कशावरून काढतात, हे कुणी विचारलं नाही. इतकी वर्षं गल्लीगल्लीत लोकांना विचारत हिंडलेली माणसं. हा एक प्रश्न तिघांपैकी कुणाच्याही तोंडून आला नाही. हरिभाऊंची रीत त्यांना रीत वाटतच नव्हती. कागदाची वरची बाजू वर, तसं.

*

चहाची पाहणी. जानेवारी, फेब्रुवारी १९८६. अंजनानं टाकलेल्यांतल्या काही, कारणांसह:

खानापूर. बाईनं फळीवरच्या डब्यावरचं नाव वाचून सांगितलं. डब्यात मीठ.

काकती. नवरा उत्तरं देत होता. बायको आतून "न्हाय न्हाय" म्हणत होती. प्रत्येक उत्तराला.

निपाणी. विचारणाऱ्याला ऑफिसर समजून सगळं घर उठून उभं राहिलं. उभ्यानं दिलेली उत्तरं.

बेळगाव, टिळकवाडी. आधी आडनाव विचारलं. ते कळल्यावर म्हणाले, आमच्याकडे चहा होत नाही. आतून आल्याच्या चहाचा वास.

निपाणी. सगळ्या प्रश्नांना होय.

काकती. मुलाखत देणारे गृहस्थ गेल्या वर्षी वारले आहेत. मुलानं त्यांच्या वतीनं दिली, त्यांनाच जास्त कळायचं म्हणून.

निपाणी. शंका.

बेळगाव, वडगाव. शंका.

बेळगाव, शहापूर. उत्तरं जुळली. पुन्हा गेले, पुन्हा जुळली. इतकी जुळायला नकोत.

खानापूर. शंका.

कणकुंबी. खरी.

कणकुंबी. खरी.

*

"आक्का, हे कणकुंबीचं का टाकलासा?"

रवळू टेबलापाशी कागद घेऊन उभा होता. दोन कागद, दोन्हींवर तांबडी रेघ.

"शंका हाय."

"कसली? मी सवता गेलतो. बस जांबोटीला बंद पडली, तिथनं चालत गेलो, रान तुडवत. म्हातारीनं चुलीवरचं भांडं उतरून दाखिवलं. चहाची पुडी दाखिवली. पुडी कुठल्या दुकानातनं आणली त्या दुकानदाराचं नाव सांगितलं. त्याच्या बापाचंबी सांगितलं."

"रवळू, टाकलेल्या कमी पडाय लागल्यात."

"कमी?"

"खोट्या संपल्या. तुमी सगळी परीक्षा असल्यागत नीट कामं करून आलाय. अशानं नंबर कसा येणार?"

रवळूनं तांबड्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हणून खऱ्यावर रेघ?"

"जास्त रेघा तर वर. तुला ठाऊक न्हाय व्हय?"

"मला ठाऊक हाय. म्हातारीला न्हाय. तिनं मला जेवाय घातलं की वो." त्यानं कागद पुढं धरले. "तिला वाटतंय, मुंबईला कुणीतरी तिचं ऐकून घेतलंय."

अंजनानं कागद त्याच्या हातातून घेतले आणि टाकलेल्यांच्या गठ्ठ्यावर ठेवले. तिला त्या म्हातारीचं घर माहीत होतं, पडताळणीला तीही गेली होती, तिलाही म्हातारीनं जेवायला घातलं होतं, आणि निघताना विचारलं होतं, "चहाचं झालं. आता दवाखान्याचं कधी इचारायला येणार?"

"ऑफिस राहिलं पायजे," अंजना म्हणाली. "ऑफिस राहिलं तर पुढच्या खेपेला तिचं घेऊ."

"पुढच्या खेपेला म्हातारी पायजे की."

"जा आता. चहा सांगून ये खाली."

"कुठला सांगू?" रवळू म्हणाला. जिना उतरताना त्याचं हसणं ऐकू आलं, नेहमीसारखं नव्हतं.

श्रीपादरावांनी आकडा मुंबईला कळवला त्या दिवशी ते खुशीत होते. बेळगावनं इतक्या मुलाखती आजवर कधी टाकल्या नव्हत्या.

*

साहेब आले एप्रिलमध्ये. सागरिकाचे, आता पारख सागरिकाचे, दक्षिण विभागाचे मुख्य. बेंगळूरहून हुबळीपर्यंत रेल्वे, पुढं गाडी. मवाळ बोलणारा, पन्नाशीचा माणूस. जिना चढताना चष्म्याच्या दुकानाची पाटी वाचून हसला. अंजनाला आधी बसा म्हणाला, मग स्वतः बसला.

बराच वेळ तो श्रीपादरावांशी इंग्रजीत बोलला. श्रीपादराव मान डोलवत होते. मग त्यांची मान थांबली.

"बेळगाव कितवं, सर?" अंजनानं मराठीत विचारलं. साहेबांना प्रश्न कळला. त्यांनी तीन बोटं वर केली.

"तिसरं?"

"शेवटून," श्रीपादराव म्हणाले.

साहेबांनी समजावून सांगितलं, थोडं हिंदीत, थोडं इंग्रजीत, अंजनाला कळेल असं. मुलाखत म्हणजे माल. विचारणाऱ्याचा रोज, बसभाडं, कागद, सगळं घालून तो तयार होतो. तयार झालेला माल ज्या कारखान्यात सगळ्यात जास्त फेकला जातो, तो कारखाना चांगला कसा म्हणायचा? सागरिकात पहिल्यापासून असंच मोजतात. आता दोन्ही कंपन्यांत तेच. हुबळीनं एकही फेकली नाही.

"साहेब, एकही नाही म्हणजेच..." श्रीपादराव उठून उभे राहिले. "साहेब, आमच्या हरिभाऊंची पद्धत अशी होती की..."

"मी ऐकलंय. फार मोठा माणूस." साहेब मनापासून म्हणाले. "पण आम्ही एवढे वर चढलो त्याचं कारण काय? चहावाल्यांना आम्ही दहा हजार मुलाखतींचा शब्द दिला आणि दहा हजार दिल्या. ज्या टाकायच्याच, त्या घ्यायच्या कशाला?"

श्रीपादरावांनी अंजनाकडे पाहिलं. अंजनानं खिडकीकडे.

निघताना साहेब दारात थांबले आणि सांत्वन करावं तसं म्हणाले, फार थोडक्यात गेलं हो. थोड्या कमी टाकल्या असत्या, पंचवीस-तीस, तर या शेवटच्या चारांत बेळगाव आलं नसतं.

ते जिना उतरून गेले. रवळू दाराआड होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"कणकुंबी," तो बोटांवर मोजत म्हणाला. "वडगाव. शहापूर. निपाणीची ती..."

"रवळू."

"खानापूरची दोन..."

"गप रं." अंजना ओरडली नाही. रवळू नुसता बोटांवर मोजत राहिला.

*

श्रीपादरावांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. बराच वेळ लागला, तोवर ते रिसीव्हर कानाला लावून उभेच होते. मग एकदम मोठ्यानं बोलायला लागले, कारण आवाज नीट पोचत नव्हता.

"हरिभाऊ, मी श्रीपाद. बेळगाव. श्रीपाद! ... हो. ... हो, आले होते. ... हरिभाऊ, तुम्ही एकदा त्यांना सांगा ना. आपण का टाकतो ते. तुमचं ऐकतील. ... म्हणजे? ... कुणीच नाही ऐकत म्हणजे? तुम्ही अध्यक्ष ना! ... असं. ... नाही, नाही, तुमची खुर्ची... नाही, मला माहीत नव्हतं. ... हार घालायलाच फक्त? ... अहो, काय बोलता हे हरिभाऊ. ... आम्ही बरे आहोत. ... सांगतो. शहापूरच्या घरी सांगतो. ... हॅलो? हॅलो?"

रिसीव्हर ठेवून ते खुर्चीत बसले.

"काय म्हणाले?" अंजना.

"म्हणाले, किती टाकल्यात यंदा? मी आकडा सांगितला." श्रीपादरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणाले, शाबास."

*

क्रमांक एक. १९८६ च्या मासिकात पारख सागरिका देशात पहिली. पुढच्या अंकापासून नाव नुसतं सागरिका.

मे महिन्यात पाटी उतरली. चष्मेवाल्यानं वरच्या खोल्या भिंगांचे खोके ठेवायला घेतल्या. श्रीपादराव घरी बसले. घर जुनं आणि स्वतःचं होतं, मुलगा बँकेत होता, त्यांचं चाललं. रवळूला हुबळीनं ठेवून घेतलं.

अंजनाला हुबळीनं कळवलं की सुपरवायझरची जागा नाही. विचारायचं काम आहे, रोजावर, काम असेल तेव्हा. पडताळणी करायची नाही. ती गेली. पहिल्याच खेपेला खानापुरात एका घरात नवरा सांगत होता आणि बायको मान हलवत होती, तेव्हा अंजनानं सवयीनं कागदाच्या कडेला शंका असं लिहिलं. हुबळीच्या साहेबांनी कागद परत दिला. "बाई, तुम्हाला कुणी विचारलं का, तुम्हाला काय वाटतं ते?" दुसऱ्यांदा बोलावणं आलं नाही.

तिनं शाळेत विचारलं, सहकारी बँकेत विचारलं, कॅम्पातल्या एका दवाखान्यात विचारलं. आता तिला माणसांची उत्तरं वाक्य संपायच्या आधी ओळखू यायची. "कळवतो" म्हणताना माणूस कुठं बघतो. "जागा झाली की सांगू" म्हणणाऱ्यानं आडनावाशी किती वेळ काढलेला असतो. ती जिना उतरायच्या आत उत्तर टाकून द्यायची.

खोलीचं भाडं थकायला लागलं तेव्हा तिनं आईला सगळं सांगितलं. तानीबाईनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"तू लई फेकलंस म्हणून?"

"व्हय."

"आन आधी लई फेकायचीस म्हणून पयला नंबर?"

"व्हय."

"मग बदललं कोण?"

अंजनाला रवळूचं बोलणं आठवलं. तो बाजारात भेटला होता. नवा शर्ट होता अंगावर. "आक्का, आता काय तरास न्हाय बगा," तो म्हणाला होता. "कणकुंबीला कोण जातंय! जांबोटीला उतरायचं, आंब्याखाली बसायचं, कागद भरायचं. कायबी लिवा, खपतंय. गेल्या म्हयन्यात माझा पयला नंबर आला." मग त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नसावं. "म्हातारीचं मात्र मी खरंखरं लिवलं," तो म्हणाला. "आठवलं तेवढं."

*

सप्टेंबरच्या सुरुवातीला तानीबाई म्हणाली, निपाणीला जावेच्या घरी बारसं आहे, दोन दिवस जाऊन येते. पातळ घेतलं, पिशवी घेतली. दोन दिवसांचे आठ झाले. अंजनानं सकाळची बस धरली. जावेच्या घरी बारसं नव्हतं. जाऊ म्हणाली, "तुला ठाऊक न्हाय व्हय? वखारीला जाती की रोज."

वखारीच्या दारातून आतलं नीट दिसत नव्हतं. उन्हाचा एक पट्टा आत गेला होता आणि त्यात खकाणा तरंगत होता; पलीकडं तोंडाला फडकी बांधलेल्या बायका, ओळीनं, चाळण्या हलवत. तानीबाई त्या ओळीत नव्हती. ती दाराजवळ होती, तीन-चार म्हाताऱ्यांबरोबर, काड्या निवडत. सात वर्षांमागं ती पहिल्या चाळणीला असायची.

"आये, चल."

तानीबाईनं मान वर केली नाही. "कुठं?"

"घरी."

"खोली ठेवलीस अजून?"

खोली महिनाअखेर सोडायची होती.

मुकादमीण मालुबाई आतून आली. पदरानं नाक पुसत म्हणाली, "अंजे, तुझ्या आयला मी आत घातली न्हाय बग. चाळणीचं काम मागत हुती. मी म्हटलं, न्हाय, तू दाराला बस. दाराला वारं लागतंय."

"मावशे, डॉक्टर काय म्हणालते तिला ठाऊक हाय."

"डाक्टर लई म्हणत्यात," तानीबाई म्हणाली. मग खोकला आला. तिनं तो काड्या बाजूला करेपर्यंत दाबून धरला, खोकली, आणि पुन्हा काड्या पुढं ओढल्या. "का गं, ती तुझी कंपनी. कितवी आली म्हणालीस?"

"आता कशाला ते?"

"सांग की."

"पयली."

"आख्ख्या देशात?"

"व्हय."

"ऐकलासा का गं?" तानीबाईनं आतल्या अंधाराला ओरडून सांगितलं. "माझी लेक हुती त्या कंपनीत. देशात पयली आली!"

चाळण्या क्षणभर थांबल्या. "मग पेढं कुठं हायत?" कुणीतरी फडक्याआडून विचारलं आणि बायका हसल्या, आणि हसता हसता तीन-चार जणींना ठसका लागला.

अंजना आईच्या समोर उकिडवी बसली. हात धरून उठवावं म्हणून तिनं हात पुढं केला. आईचे हात मोकळे नव्हते, ते निवडत होते, थांबत नव्हते. थोडा वेळ तिचा हात तसाच हवेत राहिला. मग तिनं समोरच्या ढिगातली एक काडी उचलली आणि बाजूला टाकली. मग दुसरी.

"तोंडाला पदर लाव," तानीबाई म्हणाली.

*

तानीबाईची थोरली बहीण सुलाबाई, याच वखारीत चाळणारी, १९७३ साली वारली. शेवटचं वर्षभर तिलाही दाराजवळच बसवलं होतं.